पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचंय? क्राऊन आणि टायरला हात लावायच्या आधी हा हिशेब वाचा

सासवड (प्रतिनिधी) : डिझेल लिटरला नव्वदीच्या घरात गेल्यापासून आपल्या पट्ट्यात पिकअपवाल्यांच्या गप्पांचा विषय एकच. अंजीर, सीताफळ, वाटाणा भरून गुलटेकडीला गेलेली गाडी परत आली की भावाच्या आधी ॲव्हरेज विचारलं जातं. मागच्या आठवड्यात आमचा पुतण्या घरी आला आणि म्हणाला, "काका, गाडीचा क्राऊन बदलून घेतो. एक मेस्त्री म्हणतो लिटरला दोन किलोमीटर वाढतील. नाहीतर मग मोठे टायर टाकतो." पोरगं उत्साहात होतं. मी त्याला आधी बसवलं, चहा दिला आणि मग वही काढली. कारण यातला एक उद्योग मी स्वतः करून बसलोय.

त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, हिशेब तोच आहे.

आधी क्राऊन-पिनियन म्हणजे काय ते. इंजिन फिरतं, गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि मागच्या हौसिंगमध्ये छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० दात असतील तर ४१ भागिले १०, म्हणजे ४.१. याचा अर्थ चाक एकदा फिरायला शाफ्टला ४.१ वेळा फिरावं लागतं. ४१ ला ९ असेल तर ४.५६ होतात. ४३ ला ११ असेल तर ३.९१. आकडा मोठा असला की गाडीला ओढ जास्त, पण इंजिन जास्त पळतं. आकडा लहान असला की इंजिन निवांत, पण ओढ कमी. सायकलचं चेनचाक ज्यानं बदललंय त्याला हे लगेच कळेल.

आता टायर यात कुठं आला? बघा, चाकाचा घेर जेवढा मोठा तेवढी गाडी एका फेऱ्यात जास्त पुढं जाते. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपला २१५/७५ आर १५ मापाचा टायर असतो. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ म्हणजे रिम १५ इंची. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरखाली मिळून दोन वेळा १६१ मिळवा, टायरची एकूण उंची ७०३ मिलिमीटरच्या आसपास येते. असा टायर एका किलोमीटरला साधारण ४५२ वेळा फिरतो. भाराखाली टायर दबतो, त्यामुळं प्रत्यक्षात आकडा थोडा इकडंतिकडं होईल, पण हिशेबाला हा पुरे.

ताशी ६० चा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे चाक मिनिटाला ४५२ फेरे मारतंय. चौथ्या गिअरमध्ये बहुतेक गिअरबॉक्स सरळ असतात, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच शाफ्ट फिरतो. म्हणून ४.१ च्या क्राऊनवर इंजिन १८५५ वर पळेल. ४.५६ असेल तर २०६२ आणि ३.९१ असेल तर १७६९.

आता गंमत बघा. क्राऊनला हातच लावला नाही, फक्त २१५ चे काढून २३५/७५ आर १५ चे टायर टाकले तर टायरची उंची ७३३ वर जाते. तो किलोमीटरला ४३४ वेळाच फिरतो. ४.१ च्याच क्राऊनवर इंजिन १७८० वर येतं. म्हणजे नुसता टायर बदलून ४३-११ चा क्राऊन टाकल्यासारखंच झालं. टायरवाला हे सांगत नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतं.

इथपर्यंत ऐकून पुतण्या खूश झाला. "मग काका, इंजिन चार टक्के कमी फिरलं म्हणजे चार टक्के डिझेल वाचलं की!"

तसं होत नाही. डिझेल कशाला लागतं ते बघा. एक, टायर रस्त्यावर दबतो आणि परत फुगतो, त्यात ताकद जाते. दोन, गाडीसमोरची हवा कापायला लागते. तीन, चढावर वजन वर न्यायला लागतं. ही तिन्ही कामं क्राऊन कोणताही असला तरी तेवढीच राहतात. वाचतं ते फक्त इंजिनच्या आतलं घर्षण, आणि त्यातलाही चार टक्क्यांचा तुकडा. शिवाय पेट्रोलच्या गाडीला गिअर उंच केल्यावर जेवढा फायदा होतो तेवढा डिझेलला होत नाही, कारण डिझेल इंजिन हवा चोखताना थ्रॉटलनं गळा आवळून बसलेलं नसतं. लिटरला दोन किलोमीटर वाढतील असं जो सांगतो त्याच्याकडून लिहून घ्या. देणार नाही.

आणखी एक अडचण आहे. डिझेल इंजिन सगळ्यात शहाण्यासारखं कधी चालतं, तर त्याची ओढ जिथं भरपूर असते त्या पट्ट्यात. आपल्या पिकअपना तो पट्टा साधारण चौदाशे-पंधराशेपासून बावीसशेपर्यंत असतो. गाडीच्या पुस्तकात टॉर्कच्या पुढं आरपीएम लिहिलेले असतात, ते बघून घ्या. आता पाचवा गिअर धरा. तो ०.८ चा असेल तर ४.१ च्या क्राऊनवर ६० च्या वेगाला इंजिन १४८४ वर आहे. म्हणजे पट्ट्याच्या खालच्या काठावर. त्यात मोठा टायर टाकला की १४२० वर. भरलेल्या गाडीला तिथं जोरच राहत नाही. गाडी धडधडायला लागते, ड्रायव्हर पाय दाबत राहतो, धूर निघतो आणि शेवटी चौथा टाकावा लागतो. म्हणजे ज्या पाचव्यासाठी खर्च केला तो वापरताच येत नाही.

उंच गिअरचा फायदा कुणाला? जो ८० च्या वेगानं सपाट रस्त्यावर तास-तास जातो त्याला. इंदापूर, दौंडकडची गाडी सोलापूर हायवेनं पुण्यात येते, तिला थोडा उंच गिअर मानवेल. पण ८० ला हवेचा विरोध ६० च्या पावणेदोन पट होतो. क्राऊन बदलून जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट हवा खाते. ३० किलोमीटरच्या सपाट रस्त्याला ६० नं अर्धा तास लागतो आणि ८० नं साडेबावीस मिनिटं. साडेसात मिनिटांसाठी आपण ते डिझेल जाळतो. लिलावाची वेळ गाठायची असते हे मला कळतं, मीही पळवलीय गाडी. पण मग ॲव्हरेजच्या नावानं रडायचं नाही.

घाटाचं गणित वेगळंच

आपलं पुरंदरचं तर आणखी निराळं आहे. दिवे घाट आपण माल भरून उतरतो आणि येताना चढतो. रिकामं चढलं तर काही प्रश्न नाही, पण रिकामं कोण येतं? खत, सिमेंट, पशुखाद्य, काहीतरी असतंच.

उतरताना काय होतं ते आधी सांगतो, कारण त्यात जीव आहे. उतारावर भरलेली गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला धरून ठेवतं. क्राऊनचा आकडा कमी केला किंवा टायर मोठा टाकला की ही धरण्याची ताकद कमी होते. तिसऱ्यात जी गाडी शांत उतरायची ती आता सुटायला लागते आणि ब्रेकवर पाय जास्त वेळ राहतो. वडकी नाल्यापर्यंत येईस्तोवर ड्रमचा वास सुटतो. त्यात मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकला जोरही जास्त लागतो.

चढताना उलटं. पूर्वी जी चढण भरलेली गाडी तिसऱ्यात ओढायची तिथं आता तिसरा कमी पडतो. तुम्ही दुसरा टाकता. दुसऱ्या आणि तिसऱ्यात अंतर मोठं असतं. त्याच वेगाला इंजिन पूर्वीपेक्षा दीडपट पळायला लागतं, नाहीतर वेग पाडावा लागतो. सपाटीवर चार टक्के कमी फिरवायला गेलो आणि घाटात पन्नास टक्के जास्त फिरवून आलो. त्यात कोपऱ्यावर गाडी थांबली तर अर्ध्या क्लचवर उचलावी लागते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या नादानं मी माझ्या पिकअपला २३५ चे टायर टाकले. दिसायला गाडी रुबाबदार झाली, घरातली पोरं फोटो काढायला लागली. जुन्या टायरवर माझ्या वहीत १२.६ चं ॲव्हरेज होतं. नव्यावर ११.९ आलं. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. पण नंतर हिशेब केला तर भांडणाला अर्थच नव्हता, आणि फायद्यालाही नव्हता.

कारण किलोमीटरचा काटा चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. टायर मोठा झाला की गाडी खरी १०४ किलोमीटर जाते आणि काटा १०० दाखवतो. म्हणजे ११.९ दिसलं ते खरं १२.४ होतं. आणि जुने टायर? ते झिजून सहा मिलिमीटर कमी झाले होते. वरखाली मिळून बारा. त्यामुळं काटा खऱ्यापेक्षा पावणेदोन टक्के जास्त पळत होता. १२.६ दिसायचं ते खरं १२.४ च होतं. खर्च केला, घाटात क्लच भाजला, आणि ॲव्हरेज होतं तिथंच!

म्हणून कुणी टायर बदलल्यावर ॲव्हरेज वाढलं म्हणाला तर आधी विचारा, टायर लहान टाकलास का? लहान टायरवर काटा पळतो आणि ॲव्हरेज वहीत वाढतं, टाकीत नाही. खरं अंतर बघायचं तर मोबाईलच्या नकाशावर किंवा हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर वीस-तीस किलोमीटर मोजा आणि काट्याशी ताडून बघा.

त्या टायरचा दुसरा ताप वजनाचा होता. ते जीपचे टायर होते. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, तो वजनाचा. १०५ असेल तर एक टायर ९२५ किलो घेतो, ११२ असेल तर ११२० किलो. जीपच्या टायरला हा आकडा कमी असतो. पिकअपच्या मागच्या दोन चाकांवर मालाचा बहुतेक भार येतो, त्यामुळं बाजू फुगायची, टायर तापायचा. तापलेला टायर म्हणजे वाया चाललेलं डिझेल, आणि उन्हाळ्यात फुटायची भीती वेगळी. दरवाजाच्या कडेला कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर मंजूर मापं आणि हवा लिहिलेली असते. त्या मापाच्या बाहेर जाऊ नका आणि वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनानं बदल करू देत नाही. नियमाबाहेरचा बदल केला तर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमावाला आधी टायरच बघतो. आणि टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर रस्त्यावर चालवता येत नाही.

मग टायर कोणता घ्यावा

माप मूळचंच ठेवा, जात बघून घ्या. नायलॉनचा टायर स्वस्त पडतो, दगडाधोंड्यात टिकतो, पण चालताना जास्त मुरतो आणि तापतो. रेडियल कमी तापतो, म्हणून डिझेल कमी खातो आणि डांबरी रस्त्यावर जास्त चालतो. ज्याची गाडी महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर डांबरीवर पळते त्यानं रेडियलच घ्यावा असं माझं मत आहे. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीच नको.

नक्षीचं म्हणाल तर पुढं सरळ पट्ट्यांचा, म्हणजे रिब. तो हलका पळतो आणि स्टेअरिंग सरळ राहतं. मागं आडव्या खोल नक्षीचा लग टायर चिखलात ओढतो, पण डांबरीवर गुरगुरतो आणि डिझेल खातो. ज्याचं रान पाणंदीच्या टोकाला आहे, पावसाळ्यात वाटाण्याची गाडी चिखलातून काढायचीय, त्याला मागं लगशिवाय पर्याय नाही. तो खर्च समजून घ्यायचा. पण ज्याचं शेड रस्त्याला लागून आहे तोसुद्धा दिसायला भारी म्हणून चारही लग टाकतो, तिथं मला हसू येतं. मधला मार्ग म्हणजे मागं अर्धी पट्टी-अर्धी लग असलेला टायर. रिमोल्ड टाकायचाच असेल तर मागं टाका, पुढं नको.

हवेचं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही. गाडी वीस किलोमीटर पळवून पंक्चरवाल्याकडं जायचं, गरम टायरमध्ये काटा वर दिसतो म्हणून हवा सोडायची. सकाळी टायर गार झाला की तोच टायर कमी हवेचा. हवा नेहमी गार टायरची बघायची. पुढची-मागची वेगळी असते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगळी असते, स्टिकरवर आहे तेवढीच. हवा मोजायचा स्वतःचा काटा घ्या, थोडक्यात मिळतो. जास्त हवा भरली की टायर मधेच झिजतो आणि रिकामी गाडी उड्या मारते, तेही नको.

क्राऊन कधी बदलायचा मग? तो गेला असेल, ओरडत असेल, दात झिजले असतील तेव्हा. आणि तेव्हाही जोडी मूळ दातांचीच टाकावी. क्राऊन आणि पिनियन जोडीनं येतात, एक जुना एक नवा चालत नाही. बसवणारा कारागीर हवा, नाहीतर महिन्याभरात हौसिंग रडायला लागतं. फोर-व्हील गाडी असेल तर पुढचा आणि मागचा क्राऊन सारख्याच आकड्याचा लागतो. एक बदलला आणि एक तसाच ठेवला तर फोर-व्हील टाकल्यावर गाडी स्वतःशीच भांडते.

जुनी पिकअप घेताना मात्र क्राऊन मोजून घ्यावा. आधीच्या मालकानं काय टाकलंय कुणास ठाऊक. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि स्टँड लावा, दुसरं जमिनीवरच राहू द्या. शाफ्टला आणि चाकाला खडूची खूण करा. उचललेलं चाक हातानं दहा वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक थांबलेलं असल्यानं फेरे निम्मे पडतात, म्हणून आलेल्या आकड्याला पाचनं भागा. साडेवीस आले तर ४.१. पावणेतेवीस-तेवीसच्या दरम्यान आले तर ४.५६. गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर शिरू नका.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी माहितीपत्रकात फायनल ड्राइव्ह आणि ग्रेडेबिलिटी हे दोन आकडे विचारावेत. सेल्समन वजन आणि हप्ता सांगतो, हे सांगत नाही. ग्रेडेबिलिटी म्हणजे भरलेली गाडी किती टक्के चढ चढू शकते. भोर-वेल्ह्याकडच्या माणसानं तो आकडा बघूनच ठरवावं.

माझ्या गाडीचं पुढं काय झालं? मोठे टायर विकले, मूळ मापाचे रेडियल टाकले. पुढं रिब, मागं मिश्र नक्षी. हवा दर रविवारी सकाळी. डाव्या मागच्या ड्रममध्ये ब्रेक थोडा धरून राहत होता, तो मोकळा केला. अलायमेंट केली. सपाटीला ६० च्या वर जायचं नाही असं ठरवलं आणि बहुतेक वेळा पाळलं. वहीत आता १३ च्या आसपास आहे, काटा तपासून. चार गोष्टी एकदम केल्या, त्यामुळं कशाचा वाटा किती हे मला वेगळं सांगता येणार नाही.

रुपयांत सांगायचं तर महिन्याला २ हजार किलोमीटर धरा. १२ च्या ॲव्हरेजला १६७ लिटर लागतात, १३ ला १५४. लिटर ९० नं धरलं तर महिन्याला साडेअकराशे रुपये वाचतात.

तर पुतण्याची गाडी. चहा झाल्यावर आम्ही दोघांनी ती गोठ्यापुढं घेतली आणि जॅकवर उचलली. दहा फेऱ्यांना शाफ्ट साडेवीस वेळा फिरला, म्हणजे क्राऊन ४.१ चा, मूळचाच. पण चाक हातानं फिरवताना दोघांना घाम आला. उजवं चाक सुटं फिरेचना. ब्रेक धरलेला. एवढी ताकद गाडी रोज सासवडहून गुलटेकडीपर्यंत आणि परत ओढत होती. "काका, मेस्त्री हे बोललाच नाही," पोरगं म्हणालं. टायरची हवा बघितली तर मागच्या एका चाकात स्टिकरपेक्षा बारा पाउंड कमी. क्राऊनचा विचार त्यानं सध्या बाजूला ठेवलाय. बुधवारी बाजार नसतो त्याला, त्या दिवशी ड्रम काढणार आहे.